जानकीबाईंचा न नोंदलेला कागद

"बाई, नाव जरा परत सांगा. नीट ऐकू आलं नाही," मी म्हणालो.

"भ्रतार नारायण," म्हातारी म्हणाली.

"ते नवऱ्याचं झालं. तुमचं नाव विचारतोय."

"वय वर्षं सत्तर. धंदा शेती."

माझा शिपाई लक्ष्मण शाईचा पॅड उघडून बसला होता. ठसा घ्यायचा म्हणून त्यानं म्हातारीचा डावा अंगठा ओल्या फडक्यानं पुसून ठेवला होता. दस्ताच्या पाठीवर मी तारीखही घातली होती. पाच मिनिटांचं काम उरलं होतं. मी पेन खाली ठेवलं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. मी डहाणूला सब-रजिस्ट्रार होतो. उंबरगाव तालुका गुजरातेत गेला, त्यातली काही गावं तोडून तलासरी हा महाल, म्हणजे छोटा तालुका, केला, आणि त्या बाजूचीही कामं आमच्याच टेबलावर आली. सब-रजिस्ट्रार म्हणजे दस्त नोंदणारा अधिकारी. खरेदी, गहाण, वाटणी, बक्षीस, जो कागद लोक करतील तो करणाऱ्यानं माझ्यासमोर कबूल करायचा, मी त्याची ओळख पटवायची, अंगठा किंवा सही घ्यायची आणि तो बुकात उतरवायचा. माणूस आजारी असेल, ऑफिसात येऊ शकत नसेल, तर फी भरून आम्हाला घरी बोलावता येतं. त्याला आम्ही व्हिजिट म्हणायचो.

ही व्हिजिट घोलवड आणि बोर्डीच्या मधल्या एका चिकूच्या वाडीतली होती. जानकीबाई विधवा, मूलबाळ नाही. नवऱ्याचा पुतण्या केशव तिच्याजवळ राहून वाडी बघायचा. दस्त होता बक्षीसपत्राचा, पण अटीचा. काकीनं वाडी केशवला द्यायची आणि त्याबद्दल केशवनं तिला मरेपर्यंत सांभाळायचं. त्या काळी म्हातारपणाची सोय म्हणजे हीच. पेन्शन सरकारी माणसाला. बाकीच्यांनी जमीन द्यायची आणि सांभाळ घ्यायचा.

असे कागद मी शेकड्यांनी नोंदले होते. प्रश्न ठरलेले, त्यांचा क्रमही ठरलेला. नाव काय, नवऱ्याचं नाव काय, वय, धंदा, कुठली जमीन, तिच्या चारी बाजूंना काय, कोणाला देता, खुशीनं देता का. घरच्या माणसांना बाहेर काढून मी हे विचारायचो, म्हणजे दडपण नको. केशवलाही ओटीवर बसवलं होतं. जानकीबाईंनी पहिल्या फेरीत एकूण एक उत्तर बरोबर दिलं होतं. इतकं बरोबर की मी मनात म्हटलं, सत्तरीत अशी बुद्धी राहावी.

एक नाव नीट ऐकू आलं नाही म्हणून मी परत विचारलं, आणि सगळं उलगडलं.

"जानकीबाई," मी म्हणालो, "आज सकाळी काय खाल्लंत?"

"पूर्वेस ओहोळ. पश्चिमेस गाडीवाट."

"हा माझ्याबरोबर आलाय, हा कोण? ओळखता का?"

"दक्षिणेस शेजाऱ्याची वाडी. उत्तरेस चिंच."

आवाज स्वच्छ होता. कुठे अडखळणं नाही. चेहऱ्यावर पाहुण्याला पाणी देताना असतं तसं हसू. नजर मात्र माझ्या खांद्यावरून मागे लागलेली. मी दोनदा वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

मी काहीच विचारलं नाही, तरी ती पुढे बोलत राहिली. "ही वाडी मी माझा पुतण्या केशव याला खुशीने देते. कोणाची जबरदस्ती नाही, कोणाचं भय नाही. तो मला जन्मभर अन्नवस्त्र देईल. औषधपाणी करील. आजारात टाकणार नाही."

इथे ती थांबली. ओठ उघडेच राहिले.

"बास काकी," ओटीवरून केशवची हाक आली.

तिनं तोंड मिटलं. एक श्वास घेतला. "मी जानकीबाई, भ्रतार नारायण, वय वर्षं सत्तर..."

लक्ष्मणनं पॅड बंद केला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारचे तीन वाजले असतील. चिकूची झाडं एकमेकांना लागून, खाली ऊन पडत नाही. घरात भरदिवसा संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. मघाशी कामाच्या घाईत न दिसलेली एक गोष्ट मला आता दिसली. म्हातारीच्या खाटेच्या खुराला काथ्याची दोरी बांधलेली होती. ती कमरेइतक्या उंचीवरून दाराच्या चौकटीला, तिथून माजघराच्या खांबाला, तिथून न्हाणीला गेली होती. न्हाणीपाशी दोरीला तांबड्या लुगड्याची चिंधी. चुलीपाशी पिवळी. देवघरापाशी पांढरी. एक फाटा मागल्या दारानं बाहेर पडून झाडांमध्ये शिरला होता. त्याचं दुसरं टोक दिसत नव्हतं.

"ही दोरी कसली?" मी बाहेर येऊन केशवला विचारलं.

"डोशीचं खूळ," तो म्हणाला. त्या किनाऱ्यावर बोलण्यात गुजराती शब्द सहज येतात. डोशी म्हणजे म्हातारी. "दोन वर्षांपूर्वी तिनंच बांधून घेतली. सोडली की घरभर हात फिरवीत रडते. म्हणून राहू दिली."

तेवढ्यात जानकीबाई मागल्या दारातून बाहेर पडल्या. अर्जात केशवनं लिहिलं होतं, अशक्त, चालवत नाही. त्या भरभर चालत होत्या. डावा हात दोरीवर, बोटं दोरीवरून सरकताहेत, ओठ हलताहेत. झाडांमध्ये शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. आवाज मात्र येत राहिला. पूर्वेस ओहोळ. पश्चिमेस गाडीवाट.

मी मागोमाग गेलो. वाडीच्या पार कडेला दोरी संपत होती. तिथे एक खांब होता आणि दोरी त्याला बांधलेली होती. खांबापलीकडे काही नव्हतं. सारवलेल्या जमिनीचा एक चौकोन, त्यावर गवत उगवू लागलेलं. जानकीबाई त्या चौकोनाकडे तोंड करून उभ्या होत्या. बोलणं थांबलं होतं. कोणी दार उघडेल म्हणून माणूस उभा राहतो, तशा उभ्या होत्या. तिथे दार नव्हतं.

"रोज येते," केशव मागून म्हणाला. "हाक मारीत नाही, काही नाही. अर्धा अर्धा तास उभी. मग हाताला धरून न्यावी लागते."

"इथे काय होतं?"

"मजुराचं खोपट होतं. काढलं."

मला त्या वेळी त्यात विशेष वाटलं नाही. मला एवढंच वाटत होतं की म्हातारीला कोणीतरी पढवलं आहे, आणि पढवणारा माझ्या समोर उभा आहे.

"केशवराव, कागद पेंडिंग ठेवतो."

"का साहेब? सगळं तर बरोबर बोलली."

"तुम्ही पढवलंत."

त्याचा चेहरा पडला. राग नव्हता त्यात. "देवाशप्पथ नाही साहेब. मी का पढवू? गेली दोन वर्षं ती हेच बोलते. सकाळी उठल्यापासून. मला काकीचं हे ऐकून ऐकून घरात बसवत नाही. घरची माहेरी निघून गेली, म्हणाली, त्या घरात कोणीतरी सारखं कागद वाचतंय."

खोटं बोलणारा माणूस मला कळतो असा माझा समज होता. हा खोटं बोलत नव्हता. पण मग पढवलं कोणी?

दस्त करणारा माणूस शुद्धीवर नसेल तर नोंदणी नाकारायची, असा कायदा आहे. कायद्यातला शब्द कठोर आहे, वेडा. नाकारली असती तर माझं काम संपलं असतं. पण नाकारायचं कारण लिहावं लागतं, आणि मला ते नीट लिहिता येईना. वेडा माणूस वाडीच्या चतुःसीमा बिनचूक सांगतो का?

दुसऱ्या दिवशी मी दस्तलेखकाला बोलावलं. दस्तलेखक म्हणजे आमच्या ऑफिसबाहेर पेटी घेऊन बसणारा, लोकांचे कागद लिहून देणारा. त्यांना सगळे मास्तर म्हणत.

"मास्तर, हा कागद तुमच्या अक्षरातला?"

"होय साहेब. केशवनं लिहून घेतला. पण पहिला मी काकीला लिहून दिला होता. दोन वर्षं झाली."

"पहिला?"

मास्तरांनी पेटीतून कच्च्या मसुद्यांचा गठ्ठा काढला. जुना मसुदा सापडायला अर्धा तास लागला. त्यांनी सांगितलं, जानकीबाई स्वतः आल्या होत्या. एका वारली बाईला बरोबर घेऊन. ऑफिसच्या खिडकीपाशी सगळा दिवस बसून राहिल्या. इतर लोकांना मी काय विचारतो, कोणत्या क्रमानं विचारतो, ते ऐकत. मग मास्तरांकडून मसुदा लिहून घेतला आणि तीनदा वाचून घेतला.

"सही का नाही केली तेव्हाच?"

"मीही तेच म्हटलं. म्हणाल्या, मास्तर, मला हल्ली विसरायला होतं. माझ्या आईलाही झालं होतं. पण कागद झाला की वाडी गेली. केशवला अजून एक पावसाळा बघते."

मी मसुदा केशवच्या कागदाशी ताडून पाहिला. शब्दाला शब्द तोच. फक्त शेवटचं एक कलम नव्या कागदात नव्हतं.

"ते केशवनं काढायला सांगितलं," मास्तर म्हणाले. "मला वाटलं काकीला विचारून."

ती वारली बाई कोण, ते मास्तरांना नावानिशी माहीत होतं. चैती. जानकीबाईंच्या वाडीत वीस वर्षं कामाला होती. आता तलासरीच्या पुढे एका पाड्यावर, भावाकडे.

पुढच्या आठवड्यात तलासरीला दुसरी एक व्हिजिट होती. ती उरकून मी आणि लक्ष्मण पाड्यावर गेलो. लक्ष्मण कोसबाडचा, वारली बोली त्याला घरच्यासारखी यायची. कुडाचं घर, पुढे अंगण. पंचेचाळिशीची एक बाई नाचणी पाखडत बसली होती. सरकारी माणूस पाहून उठून उभी राहिली आणि कुडाला टेकली.

लक्ष्मणनं तिला समजावलं की भिण्याचं कारण नाही. ती खालच्या आवाजात, त्यांच्या बोलीत, एकेक शब्द बोलत होती. वाडीतून कधी निघालीस? भात कापायच्या वेळेला. का निघालीस? खोपट मोडलं. कोणी? तिनं सूप छातीशी धरलं.

"हिला विचार," मी लक्ष्मणला म्हणालो, "जानकीबाईंना ते बोलायला कोणी शिकवलं?"

लक्ष्मणनं विचारलं. चैतीनं सूप खाली ठेवलं, हात पुसले, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत बोलू लागली.

"मी जानकीबाई, भ्रतार नारायण, वय वर्षं सत्तर, धंदा शेती."

मराठी कचेरीतली, शुद्ध. आणि आवाज तिचा नव्हता. तो वाडीतल्या म्हातारीचा होता. तीच थांबण्याची जागा, तोच श्वास, 'सत्तर'वर तोच थोडा जोर. वीस मैलांवर खाटेवर बसलेली बाई या बाईच्या तोंडून बोलत होती. लक्ष्मण दोन पावलं मागे सरला.

"पूर्वेस ओहोळ. पश्चिमेस गाडीवाट. दक्षिणेस शेजाऱ्याची वाडी. उत्तरेस चिंच. ही वाडी मी माझा पुतण्या केशव याला खुशीने देते. कोणाची जबरदस्ती नाही, कोणाचं भय नाही. तो मला जन्मभर अन्नवस्त्र देईल. औषधपाणी करील. आजारात टाकणार नाही."

ती थांबली नाही.

"चैती वाडीत राहील. मला न्हाऊ-माखू ती घालील, घास ती भरवील. मी तिला ओळखलं नाही तरी तिला कोणी घालवू नये."

काढलेलं कलम ते हेच होतं.

एकदा बोलून झाल्यावर चैती मोकळी झाली. लक्ष्मणमार्फत तिनं सगळं सांगितलं. जानकीबाईंना कळलं होतं की आपलं डोकं जाणार. त्यांनी आईचं पाहिलं होतं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी कागद पाठ करायचं ठरवलं. एका पावसाळ्यानंतर सही करायची, आणि तोवर डोकं गेलंच तरी साहेबासमोर जीभ चालली पाहिजे. रोज सकाळी चिकू निवडताना दोघी म्हणायच्या. एक चुकली तर दुसरीनं सांगायचं. मग दोरी. घरात वाट चुकेल म्हणून दोरी, डोळ्यांना कळावं म्हणून चिंध्या. आणि एक दोरी थेट चैतीच्या खोपटापर्यंत, कारण काही सुचेनासं झालं तर दोरी धरून तिच्याकडे यायचं, एवढंच हाताला ठाऊक असलं तरी पुरे.

मला तो गवत उगवलेला चौकोन आठवला. मी अंगणातल्या दगडावर बसलो. चैतीनं पाणी दिलं.

"ती माना सोदत असंल," ती म्हणाली. एवढं मला लक्ष्मणशिवायही समजलं. ती मला शोधत असेल.

आता माझ्यापुढे प्रश्न होता. मी काही कोर्ट नव्हे. पण कागद माझ्यासमोर हजर होता, आणि तो करणारीची चौकशी करायचा मला अधिकार होता. दुसरी व्हिजिट लावली. चैतीला एसटीनं बोलावून घेतलं, भाडं मी दिलं.

केशवनं तिला फाटकातच पाहिलं. "साहेब, हिला कशाला?"

"साक्षीला."

"हिची इथे काही साक्ष नाही."

"ते मी ठरवीन."

जानकीबाई खाटेवर बसल्या होत्या. चैती आत येऊन समोर जमिनीवर बसली. म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. ओळख नाही. पाहुण्याला देतात तेच हसू. चैतीचा चेहरा बघवेना. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "मी जानकीबाई."

"भ्रतार नारायण," म्हातारी म्हणाली.

दोघी एका सुरात बोलू लागल्या. कुठला आवाज कोणाचा, ते कळत नव्हतं. त्या अंधाऱ्या खोलीत एकच बाई दोन तोंडांनी बोलते आहे असं वाटत होतं. ओहोळ, गाडीवाट, चिंच. जबरदस्ती नाही, भय नाही. लक्ष्मण दारात पाठमोरा उभा राहिला. आजारात टाकणार नाही. इथे म्हातारी थांबली. ओठ उघडे.

दारातून केशव सवयीनं म्हणाला, "बास काकी." आणि आपणच दचकला.

म्हातारीनं तोंड मिटलं.

"चैती वाडीत राहील," चैती एकटीच म्हणाली.

जानकीबाईंचे ओठ हलले. आधी आवाज नव्हता. मग तो आला, खोलवरून, जुना. "मला न्हाऊ-माखू ती घालील. घास ती भरवील. मी तिला ओळखलं नाही तरी तिला कोणी घालवू नये."

आणि मग माझ्या खांद्यामागची नजर खाली आली. चैतीवर थांबली. म्हातारीनं आपले दोन्ही हात तिच्यापुढे धरले.

"नखं वाढली गं," ती म्हणाली. "किती वाढली."

हे कुठल्याही कागदात नव्हतं.

चैतीनं कनवटीचं पातं काढलं आणि एकेक बोट धरून नखं कापू लागली. मी ओटीवर आलो. केशव खांबाला धरून बसला होता.

"ते 'बास काकी' काय आहे?" मी विचारलं.

"चैतीला काढल्यावर काकी सारखं ते शेवटचं बोलायची," तो म्हणाला. "ऐकवेना. म्हणून तिथवर आली की मी म्हणायचो, बास काकी. महिन्याभरात तिथेच थांबायला लागली."

"आणि चैतीला का काढलंत?"

"साहेब, तुम्हाला कुळकायदा ठाऊक आहे." कुळकायदा म्हणजे कसणाऱ्याला जमिनीचा हक्क देणारा कायदा. तेव्हा सगळा किनारा त्याच्या धास्तीत होता. "कागदावर लिहायचं की वारलीण वाडीत राहील, तिला घालवू नये. उद्या ती कूळ म्हणून उभी राहिली तर? माझी पाच वर्षांची मेहनत आहे या झाडांत. काकीला मी उपाशी ठेवलं का? डॉक्टर आणला नाही का?"

त्यानं तिला उपाशी ठेवलं नव्हतं, हे खरं होतं. घर स्वच्छ होतं, औषधाच्या बाटल्या होत्या.

"मग आता कागद करा की," तो म्हणाला. "घाला ते कलम. मी तयार आहे. आत्ता बोलली ना ती?"

मोह झाला, हे कबूल करतो. माझ्या एका सहीनं सगळ्यांचं भलं झालं असतं. पण नखं कापून घेणारी बाई तिथे होती आणि वाडी बक्षीस देणारी बाई तिथे नव्हती. तिचे शब्द तेवढे राहिले होते. दोन वर्षांपूर्वीच्या शहाण्या बाईचा अंगठा आज घेता येत नाही. मी नोंदणी नाकारली.

नाकारण्याच्या हुकुमात मी सगळं लिहिलं. दोरी, चिंध्या, जुना मसुदा, पाड्यावर ऐकलेलं, खोलीत ऐकलेलं, गाळलेलं कलम शब्दशः. ठाण्याहून जिल्हा निबंधकांनी बोलावून घेतलं. ते माझे साहेब.

"तुम्ही सब-रजिस्ट्रार आहात की सीआयडी?"

"साहेब, नाकारताना कारणं लिहायला कायदाच सांगतो."

"कारण एका ओळीत लिहितात. तुम्ही सात पानं लिहिलीत. दोरीला चिंध्या कुठल्या रंगाच्या, हे नोंदणी खात्याला कशाला?"

"पुढे असं करू नका," ते म्हणाले आणि फाईल बाजूला सारली.

मधले सहा महिने वाईट गेले. कायदा मला नाही म्हणायचा अधिकार देतो. नाही म्हटल्यावर त्या माणसाचं काय, ते माझ्या खात्यात बसत नाही. चैती पाड्यावर परत गेली. काकी दोरी धरून रोज तिथे जाते, असं लक्ष्मण कुठून कुठून ऐकून सांगायचा. मी ऐकून घ्यायचो.

मग केशवच ठाण्याच्या वकिलाकडे गेला. वकिलानं सांगितलं, माणसाचं डोकं ठिकाणावर नसेल तर जिल्हा कोर्ट त्याच्या मिळकतीला व्यवस्थापक नेमतं. मिळकतीतून त्याचा सांभाळ करायचा आणि दर वर्षी कोर्टाला हिशेब द्यायचा. केशवनं अर्ज केला. कोर्टानं माझा नाकारण्याचा हुकूम मागवला. न्यायाधीशांनी सातही पानं वाचली, असं वकील नंतर मला म्हणाले. जानकीबाईंनी शहाणपणी स्वतःसाठी काय ठरवलं होतं, याचा तेवढाच पुरावा जगात होता.

हुकूम झाला. केशव व्यवस्थापक. वाडीच्या उत्पन्नातून पहिला खर्च जानकीबाईंचा, मग बाकीचं. चैतीला देखभालीसाठी महिन्याच्या पगारावर ठेवायचं, राहायला खोपट द्यायचं, आणि कोर्टाला विचारल्याशिवाय तिला काढायचं नाही. पगारी नोकर कूळ होत नाही, हे वकिलानं केशवला समजावलं. हे आधीच कोणी समजावलं असतं तर खोपट मोडलंच नसतं.

जानकीबाई त्यानंतर चार पावसाळे जगल्या. मी एकदाच गेलो, कामासाठी नव्हे. चैती त्यांना भात भरवत होती. प्रत्येक घासाआधी म्हातारी एक वाक्य बोलायची आणि घास घ्यायची. गाडीवाटेला एक, चिंचेला एक. चैतीला घाई नव्हती. मला कोणी ओळखलं नाही. मी ओटीवरूनच परत फिरलो. वाडीच्या फाटकापर्यंत तो आवाज येत होता, आणि खरं सांगतो, मी पावलं उचलून चालत होतो.

पुढे माझी बदली झाली, मग रिटायर झालो. चाळीस वर्षांत लोक माझ्याकडे खरेदीचे, गहाणाचे, वाटणीचे कागद धावत धावत घेऊन आले. शेजाऱ्यानं बांध एक फूट सरकवला तरी दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर. आपल्याला पुढे आंघोळ कोण घालणार, त्याला पैसे कुठून द्यायचे, याचा कागद करा म्हटलं की सगळ्यांचं उत्तर एक. पुढच्या वर्षी बघू. मी वाद घालत नसे. पुढच्या वर्षी बघणारे तुम्हीच असाल का, एवढंच विचारायचो. निम्मे लोक रागावून जायचे. उरलेले खुर्ची ओढून बसायचे.